मदत हवी आहे: फुलांच्या वाफ्यांवर नवीन आच्छादन

नमस्कार मंडळी. घरापुढच्या फुलांच्या वाफ्यांवरचं सालीच्या तुकड्यांचं जुनं आच्छादन आता पार फिकं पडलंय. वरचा थर इतका घट्ट बसलाय की पाणी आत मुरतच नाही, बाजूला वाहून जातं. तो पूर्ण काढू, की नुसता हाताने मोकळा करून त्यावरच नवीन पसरू? एकूण जाडी २ ते ३ इंचांवर जाऊ द्यायची नाहीये, आणि खोडाभोवती जागा मोकळी ठेवणारच आहे, नाहीतर खोड कुजतं.

दुसरं म्हणजे, अर्धवट कुजलेला जुना थर मातीत मिसळला तर नत्र कमी पडून पानं पिवळी पडतील का? शेवंती नुकतीच रुजलीय, तिची फार काळजी वाटते. स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.