पेन ड्राइव्हवरची टेल्स प्रणाली घरच्या संगणकावर माग ठेवते का?

विश्रामबाग, सांगली
नमस्कार. घरात छळ सोसणाऱ्या महिलांना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती मिळवून देण्याचे काम मी करते. त्यांपैकी अनेकींच्या घरी एकच संगणक असतो आणि तो नवरा किंवा दीरही वापरतो, त्यामुळे काय शोधले याची नोंद मागे राहणे धोक्याचे ठरते. अशा वेळी टेल्स कितपत भरवशाची आहे आणि ती वापरल्याचे इंटरनेट पुरवठादाराला कळते का?

कृष्णाकाठ
ताई, टेल्स ही विंडोजऐवजी संगणक चालवणारी, डेबियनवर आधारलेली लिनक्स प्रणाली असून तिला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. संगणक त्यावरून सुरू केला की सारे काम रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, चालते, हार्ड डिस्कवर ती आपणहून काहीच लिहीत नाही आणि बंद होताना रॅमही पुसून टाकते. इंटरनेटची ये-जा टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातील तीन टप्प्यांतून, म्हणजे मधल्या तीन संगणकांतून, होते. पहिल्या टप्प्याला तुमचा इंटरनेट (आयपी) पत्ता कळतो पण तुम्ही कोणते संकेतस्थळ उघडले ते कळत नाही, आणि शेवटच्या टप्प्याचे नेमके याच्या उलट असते. टॉर वापरल्याचे पुरवठादाराला मात्र दिसू शकते. ते झाकायचे असेल, तर जोडणी करताना ब्रिजचा, म्हणजे टॉरच्या जाहीर यादीत नसलेल्या पहिल्या टप्प्याचा, पर्याय निवडावा.

शाहूपुरी, सातारा
वरील माहिती बरोबर आहे, पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. टेल्समध्ये शिरून स्वतःच्या नेहमीच्या ईमेलमध्ये लॉगिन केले, की त्या संकेतस्थळापुरते नाव उघड झालेच. शिवाय कपाटात पेन ड्राइव्ह सापडला किंवा संगणक सुरू होताना वेगळाच पडदा कोणी पाहिला, तर संशयाला तेवढे पुरते, आणि अशा घरात संशयाची किंमत त्या बाईलाच मोजावी लागते. म्हणून पेन ड्राइव्ह त्यांच्या हाती देण्यापेक्षा तुमच्या कार्यालयातील संगणकावर, तुम्ही शेजारी बसून, ही सोय द्यावी असे मला मनापासून वाटते.

विश्रामबाग, सांगली
हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आभारी आहे. कार्यालयात २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, तो चालेल का?

कृष्णाकाठ
आवृत्ती ७ पासून सुरळीत चालण्यासाठी ३ जीबी रॅम लागते, त्यामुळे आधी रॅम वाढवून घ्यावी. प्रणाली केवळ टेल्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि उतरवलेली फाइल अस्सल आहे का, याची तेथे दिलेली पडताळणी टाळू नये.