लहान मुलांना घेऊन समुद्रावर जाताना

लहान मुलांना समुद्रावर नेताना काय काळजी घ्यायची, तर उन्हाबद्दल एवढंच की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शक्यतो सनस्क्रीन नको, सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सैल कपडे बास. मोठ्या मुलांना एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, दर २ तासांनी परत, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर तर लगेचच.

पण मला खरी काळजी वाटते ती पाण्याची. आमची धाकटी तीन वर्षांची असताना घोट्याएवढ्या पाण्यात माझ्या शेजारीच उभी होती, लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकली आणि ती धपकन बसली, पुढची लाट थेट तोंडावरून गेली, ना रडणं ना ओरडणं, हात माझ्या हातात होता म्हणून पटकन उचलली. तेव्हापासून मुलं पाण्याजवळ असली की एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि त्याच्या हातात मोबाईल नाही. कोणाची पाळी आहे ते मोठ्याने सांगायचं, नाहीतर सगळे समजतात दुसरा बघतोय.

पोहायचे कपडे भडक केशरी घ्या, निळे पाण्यात दिसतच नाहीत. भरतीची वेळ आधी बघून ठेवा. आणि वाळूत खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, कडा अचानक ढासळतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पायाची वाळू ओली असताना घासू नका, आधी सुकू द्या, मग टॉवेलने झटकली की आपोआप सुटते.