पाळत, देखरेख की निगराणी?

फोंडा: आमच्या सोसायटीत कॅमेरे बसले, फलकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. ‘या आवारावर सीसीटीव्हीची पाळत आहे’ असं लिहून दिलं. सेक्रेटरी म्हणतात, लोक बिथरतील, ‘निगराणी’ घाला. मला तो शब्द हिंदी वाटतो. जाणकारांनी सांगावं.

डिचोली: पाळत माणसावर ठेवतात, तीही त्याच्या नकळत. फलक लावून ठेवलेली पाळत कसली? निगराणीला मात्र परकी म्हणू नका. फारसीतला ‘निगाह’ आपल्याकडे ‘निगा’ झाला. निगराणी त्याच घरातली. मूळ अर्थ बघणं, पण मराठीत तो जपण्याकडे झुकला. बाळंतिणीची निगा, बागेची निगा. उलट ‘नजर’ बघा. तीही बाहेरूनच आली आणि इथे लागायला लागली. मग मीठ-मिरची ओवाळा!

म्हापसा: टेहळणी चालेल का?

डिचोली: ती शापोऱ्याच्या किल्ल्यावरून करायची, शत्रू येतोय का म्हणून. तुमचे कॅमेरे शेजाऱ्यांकडेच बघतात.

मडगाव: निगराणी म्हटलं म्हणून कॅमेरा मायेने बघणार आहे का? 2015 साली कांदोळीत कपड्यांच्या दुकानातला एक कॅमेरा ट्रायल रूमच्या दिशेने असल्याची तक्रार तेव्हाच्या एका केंद्रीय मंत्र्यांनी केली होती. त्यालाही निगाच म्हणायचं? माझ्या मते शब्द कॅमेऱ्यावरून नाही, चित्रणाचं पुढे काय होतं त्यावरून ठरतो. सिग्नल तोडला, नंबरप्लेट टिपली, चलन आलं, तोवर ती रहदारीवरची देखरेख. त्याच चित्रणातून अमुक बाई रोज किती वाजता, कोणाबरोबर जाते हे कोणी काढायला बसला, की झाली पाळत.

पेडणे: बलकांवात, म्हणजे घराच्या दारापुढच्या ओट्यावर, बसलेली आमची म्हातारी आई दिवसभर हेच करायची, ‘खंय वता रे?’ (कुठे जातोस रे?) तिला तर कोणी काही म्हटलं नाही.

मडगाव: अहो भाऊ, ती दिसायची की तुम्हाला! उलट विचारता यायचं, नको असेल तर मागच्या वाटेने जाता यायचं. शिवाय तिला चार दिवसांनी आठवतही नसणार.

फोंडा: आणि फलकाखाली ‘आपल्या गोपनीयतेचा आदर केला जाईल’ असंही हवंय सेक्रेटरींना.

डिचोली: गोपनीयतेची शपथ मंत्री घेतात, कारण सरकारी गुपितं सांभाळायची असतात. घरी कोण आलं-गेलं हे माझं गुपित नाही. तरी ते टिपून ठेवण्याचं तुम्हाला कारण नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी घटनेच्या कलम 21 खाली जो हक्क मान्य केला, त्याला वर्तमानपत्रं सर्रास ‘गोपनीयतेचा हक्क’ म्हणतात. मला ‘खासगीपणा’ बरा वाटतो. गंमत म्हणजे पूर्वी ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा कारभार. रयतेला कसली आलीय खासगी! आता ती सगळ्यांना मिळाली म्हणायची.

मडगाव: आदर वगैरे राहू द्या. ‘आवारावर सीसीटीव्हीची देखरेख आहे’ एवढं लिहा, आणि खाली चित्रण किती दिवस ठेवणार, कोण बघू शकतो ते.

फोंडा: ते विचारलं सेक्रेटरींना. म्हणाले, मोबाइलवर सगळ्या कमिटीलाच दिसतं.

डिचोली: मग ‘पाळत’च राहू द्या.