आयएसओ प्रमाणपत्र आहे, पण नोंदी ऑडिटच्या आठवड्यातच भरल्या जातात

मकरपुरेकर (प्रश्न)
नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचा चाळीसेक माणसांचा मशिनिंगचा कारखाना असून मी तेथे क्वालिटी पाहतो. आयएसओ ९००१:२०१५ चे (गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे) प्रमाणपत्र मिळून चार वर्षे झाली. सर्व्हेलन्स ऑडिट (प्रमाणपत्र टिकवण्यासाठी ठरावीक काळाने होणारी तपासणी) जवळ आले की रजिस्टरे भरण्याची धावपळ उडते, ऑडिट पार पडते आणि फायली पुन्हा कपाटात जातात. गेल्या महिन्यात मात्र एका ग्राहकाने बुशांचा अख्खा लॉट परत पाठवला, कारण त्यांत शाफ्टच जात नव्हता. बोअर (बुशाच्या आतले छिद्र) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी हवे. आमच्या रजिस्टरात त्या लॉटच्या प्रत्येक नगापुढे २५.०१ लिहिलेले आहे. शेठ म्हणतात, ऑपरेटरला मेमो द्या आणि विषय संपवा. ही पद्धत खरोखर राबवायची तर सुरुवात कोठून करावी?

निवृत्त ऑडिटर
मेमो देण्यापूर्वी मशिनपाशी जाऊन ऑपरेटर बोअर कशाने तपासतो ते पाहावे आणि येथे लिहावे.

मकरपुरेकर
गो-नोगो प्लग गेजने. बोअरचे माप आकड्यात दाखवणारे बोअर गेज एकच आहे आणि ते आमच्या केबिनमध्ये असते.

निवृत्त ऑडिटर
मग २५.०१ हा आकडा आला कोठून? प्लग गेज फक्त ‘जाते’ किंवा ‘जात नाही’ एवढेच सांगते, त्यातून माप निघत नाही. म्हणजे ऑपरेटरने काम ठरल्याप्रमाणे केले, पण तक्त्यात आकड्याचा रकाना असल्यामुळे त्याला आकडा रचावा लागला. असे तक्ते बहुधा सल्लागाराने दुसऱ्या कारखान्याच्या फायलीतून उचललेले असतात. ऑडिटर असताना मी एकाच नमुन्याचे रजिस्टर फाउंड्रीत आणि छापखान्यातही पाहिले आहे. आपल्या गेजची ‘गो’ बाजू, म्हणजे योग्य बोअरमध्ये जायलाच हवी ती, झिजली असावी असा माझा अंदाज आहे, कारण ती झिजली की लहान बोअरमध्येही जाते आणि नग पास होतो. तसे निघाले तर मानकाच्या कलम ७.१.५ प्रमाणे त्या गेजने आधी पास केलेल्या लॉटचे काय, हेही तपासावे लागते, आणि बहुतेक कारखाने नेमके येथेच थांबतात. परत आलेला माल निवडून काढणे ही झाली तात्पुरती दुरुस्ती. कलम १०.२ विचारते ते कारण, आणि तीच चूक दुसरीकडे होऊ शकते का, हेही. ‘ऑपरेटरला समज दिली’ हे कारणही नव्हे आणि उपायही नव्हे.

सीएनसीवाला
वरील उत्तराशी सहमत आहे. आमच्याकडे कार्यसूचना इंग्रजीत होत्या आणि मशिनवरची मुले गुजराती व हिंदी वाचणारी. मानकाने भाषेची सक्ती कोठेही केलेली नाही, तेव्हा आम्ही गुजरातीत एका पानाची सूचना फोटोसह मशिनला लटकवली. क्वालिटी मॅन्युअलही २०१५ च्या आवृत्तीपासून सक्तीचे राहिलेले नाही, त्यामुळे जाडजूड फाइल सांभाळण्याचा अट्टहास सोडता येतो. शेठजींबद्दल सांगायचे तर त्याच आवृत्तीने मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्हचे (व्यवस्थापनाच्या वतीने ही पद्धत सांभाळणाऱ्याचे) वेगळे पद नेमण्याची अट काढली आणि कलम ५.१ मध्ये जबाबदारी थेट वरिष्ठ व्यवस्थापनावर ठेवली. मॅनेजमेंट रिव्ह्यूच्या, म्हणजे व्यवस्थापनाने या पद्धतीचा आढावा घेण्याच्या, बैठकीत शेठजींसमोर परत आलेल्या लॉटचा खर्च रुपयांत मांडावा. कलमांचे क्रमांक ऐकण्यात त्यांना रस नसतो, असा माझा अनुभव आहे.

मकरपुरेकर
दोघांचेही आभार. प्लग गेज कॅलिब्रेशनला (माप अचूक आहे का ते पडताळायला) एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले होते. ‘गो’ बाजू झिजलेलीच निघाली. मेमो दिला नाही. रजिस्टरातला आकड्याचा रकाना काढून तेथे ‘गो’ व ‘नोगो’ असे दोन रकाने केले असून दर तासाला एक नग बोअर गेजने मोजून त्याचा आकडा वेगळा लिहायला सांगितले आहे. पहिल्याच दिवशी एकाने २४.९९६ लिहिले आणि स्वतःहून मशीन थांबवून मला बोलावले. चार वर्षांत त्या रजिस्टरात २५ पेक्षा कमी आकडा मी प्रथमच पाहिला. त्याच गेजने पास झालेल्या आधीच्या दोन लॉटबद्दल ग्राहकाला कळवायचे आहे, आणि पत्राचा मसुदा शेठजींच्या टेबलावर आहे.