उल्केच्या लोखंडाची सुरी: नक्षी दिसत नाही आणि वर गंज

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ बोटीवर असतो, त्याने मार्चमध्ये येताना माझ्यासाठी हाताने घडवलेली सुरी आणली. सोबतच्या कागदावर लिहिलंय की पातं नामिबियातल्या गिबियन उल्केचं लोखंड आणि हाय कार्बन स्टील मिळून केलंय. मुठीवर हिफेस्टसची ऐरण कोरलीय. हा ग्रीकांचा लोहारदेव, झ्यूसने ऑलिंपसवरून फेकला तो दिवसभर पडत पडत लेम्नोस बेटावर आदळला, आणि त्याच्या नावाच्या सुरीत आकाशातून पडलेलं लोखंड, मला ही कल्पनाच एवढी आवडली की मेपर्यंत रोज काढून बघायचो. आता दोन गोष्टी छळतायत. गिबियनच्या चकत्यांच्या फोटोत आडव्यातिडव्या पट्ट्यांची नक्षी असते, माझ्या पात्यावर नुसत्या पाण्याच्या लाटा आहेत, फसवलं काय? आणि पाऊस लागल्यावर चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवलेली, परवा चवथीच्या साफसफाईत काढली तर तांबूस ठिपके. जीव कळवळला.

फोंड्याचा भाता:
नक्षी नाही म्हणून खोटी असं नाही हां. त्या पट्ट्यांना विडमनश्टेटन नक्षी म्हणतात, लोखंड-निकेलचे दोन तऱ्हेचे स्फटिक, लाखो वर्षं अगदी सावकाश थंड होताना तयार झालेले. भट्टीत पिवळं तापवून घण घातला की ती मोडली, पुन्हा येत नाही. ज्यांना तीच हवी ते चकती थंडच कापून मुठीत बसवतात. तुमच्या लाटा उल्केचं लोखंड आणि स्टील एकावर एक घडवलेल्या थरांच्या आहेत, ॲसिडमध्ये निकेलचा थर चकचकीत राहतो आणि कार्बन स्टील काळं पडतं. स्टील घालावंच लागतं कारण उल्केत कार्बन जवळजवळ नसतो, कितीही पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलं, तरी धार धरणार नाही. माझे आजोबा कोयत्याला पाणी देताना दार लोटून घ्यायचे, पात्याचा रंग अंधारातच नीट कळतो म्हणून. तुमच्या कारागिराने पण तसाच जीव ओतला असणार, त्या लाटा त्याच्या हातच्या आहेत, त्या बघा.

पेडणेकर ७७:
वरच्याला जोड. १६२१ मध्ये जालंधरजवळ उल्का पडली, जहांगीरने उस्ताद दाऊदला तिची हत्यारं करायला सांगितलं. नुसती घेतली तर घणाखाली फुटायला लागली, मग तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड घालून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी केली. हे बादशहाने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि त्यातली सुरी वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. म्हणजे मिसळ केली तर भेसळ असं मानू नका.
खात्रीच करायची तर सोनाराकडे शुद्धता तपासायचं एक्स-रे मशीन असतं, काहींवर निकेल पण दिसतं. पण निकेल सापडलं म्हणून उल्का सिद्ध होत नाही, नक्षीच्या पात्यांना निकेलवालं साधं स्टील पण वापरतात. निकेल अजिबातच नसेल तर मात्र कारागिराला विचारा.

म्हापशाची सुगरण:
गंजाचं मी सांगते. म्यानात ठेवायचीच नाही, चामडं ओल धरतं आणि आपल्याकडे पावसात मीठसुद्धा पाणी सुटून वाहतं. आमची जुनी लोखंडी आदोळी (विळी) अजून टिकलीय ती कापून झाल्याबरोबर धुऊन पुसून तेल लावल्यामुळे. ठिपक्यांवर मिनरल ऑइल लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ फडक्याने हळू चोळा. सँडपेपर अजिबात नको, लाटा पण जातील. मग कोरड्या सुती कापडात गुंडाळून घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. आणि वापरा हो ती! फक्त लिंबू, बिंबलं, कोकमाचं आगळ लागलं की लगेच पुसायची.

डिचोलीकर:
खूप आभार सगळ्यांचे. तेल लावून ठेवलेली, आज बरेचसे ठिपके निघाले, टोकाजवळचे दोन राहिलेत, तिथे पुन्हा लावलंय. दाऊदचं वाचून तर अंगावर काटाच आला. सोनाराकडे जात नाही आता, भावाला कारागिराचा पत्ता विचारलाय, थर किती घातलेत ते त्यालाच विचारतो. आणि चवथीच्या खतखत्याची भाजी हिनेच कापणार, म्यान वर टांगलंय.