स्क्रीन नसलेला आयपॉड शफल आज वापरावा का?

धागालेखक

ॲपलने आयपॉड शफल हा गाणी ऐकण्याचा छोटासा वादक जुलै २०१७ मध्ये बंद केला. फोन असताना गाण्यासाठी वेगळे यंत्र कशाला, हे मत तेव्हापासून जवळपास सर्वमान्य झाले आहे. मला ते मान्य नाही. ज्यांच्याकडे २०१० साली आलेला चौथ्या पिढीचा शफल अजून चालू स्थितीत आहे, त्यांनी तो कपाटातून काढून नियमितपणे वापरावा, असे माझे म्हणणे आहे. साडेबारा ग्रॅम वजनाचे हे यंत्र सदऱ्याच्या काठाला चिमट्याने अडकवले की अंगावर काही आहे याची जाणीवही राहत नाही, आणि एकदा चार्ज केले की नवे असताना ते सुमारे १५ तास चालत असे. पण मला त्याचे मोल वाटते ते यासाठी की त्यावर ऐकण्याखेरीज दुसरे काहीच करता येत नाही. फोनवर विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल ऐकताना बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, रंगात आलेली असते आणि नेमका तेव्हा बँकेचा संदेश येतो. स्वर क्षणभर दबतो, नजर स्क्रीनकडे जाते आणि तालाची पुढची कितीतरी आवर्तने कान गाण्यात नसतात. सूचना बंद ठेवता येतात हे खरे, परंतु रोज आठवणीने त्या बंद करून पुन्हा चालू करणे किती जणांकडून होते?

प्रतिसाद १

उदाहरण ख्यालाचे घेतले आहे, म्हणून त्यावरच बोलतो. ख्यालासाठी याच्याइतके गैरसोयीचे यंत्र नसेल. क्षमता अवघी २ जीबी. ३२० केबीपीएसच्या (दर सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे वरच्या दर्जाच्या) एमपी३ फाइलमध्ये ४० मिनिटांचे गायन सुमारे ९६ एमबी जागा घेते, म्हणजे वीसएक मैफली भरल्या की जागा संपली. दर्जा १२८ केबीपीएसवर उतरवला तर पन्नासच्या आसपास मावतील, पण मग तानपुऱ्यांचा भरीव गुंजारव पातळ झालेला चांगल्या इअरफोनवर मला स्पष्ट जाणवतो. त्यातून स्क्रीन नाही. किशोरी आमोणकरांनी गायलेला भूप राग ऐकावासा वाटला, तर तो सापडेपर्यंत बटण दाबत बसायचे. आणि ‘शफल’ म्हणजे मिसळणे या नावाप्रमाणे क्रम विसकटला, तर विलंबितानंतर भलत्याच रागातला द्रुत, म्हणजे जलद लयीतला ख्याल सुरू व्हायचा!

प्रतिसाद २

क्रमाविषयीचा आक्षेप मला पटत नाही. वरच्या कडेच्या सरकत्या खटक्याला तीन जागा आहेत: बंद, ओळीने आणि मिसळून. खटका मधल्या जागी ठेवला की ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने वाजते. गाणे शोधण्याचेही तसेच आहे. त्याच कडेवरचे मधले छोटे बटण दाबल्यावर वाजणाऱ्या गाण्याचे नाव ऐकू येते आणि तेच दाबून धरले की याद्यांची नावे एकेक करून ऐकू येतात. रोमन लिपीतली मराठी नावे इंग्रजी वळणाने उच्चारली जातात खरी, पण ओळखू येतात. सकाळचे राग, नाट्यपदे, अभंग अशा याद्या आधीच केल्या, तर स्क्रीनवाचून अडत नाही. माझ्या आईची नजर अधू झाली आहे. फोनवरच्या बारीक चिन्हांपेक्षा बोटांना लागणारी ही गोल कडेची बटणे तिला कितीतरी सोपी जातात.

प्रतिसाद ३

आपल्या आईंच्या बाबतीत हे सोयीचे असेल, नव्हे आहेच. परंतु मूळ अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे कोणीच पाहिलेले नाही. या यंत्राला एकच छिद्र आहे. इअरफोन त्यातच लावायचा आणि चार्जिंगची व गाणी भरण्याची खास वायरही त्यातच. त्यामुळे चार्ज होत असताना ऐकता येत नाही, आणि ती आखूड वायर हरवली तर दुसरी कोणतीही नेहमीची वायर चालत नाही. बॅटरी आतच बसवलेली. ती घरी बदलण्याची सोय नाही. इतक्या वर्षांनी ती १५ तास टिकेल, ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवायची? गाणी भरायला पुन्हा संगणक हवा, आणि मासिक वर्गणीच्या सेवांवरून उतरवलेली गाणी यात भरता येत नाहीत. ज्यांच्याकडे जुन्या सीडींवरून घेतलेल्या फाइली नाहीत, अशा आजच्या तरुण श्रोत्याने यात भरायचे तरी काय? ब्लूटूथही नाही. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये लोंबती वायर घेऊन चढून पाहा. तीन स्थानके जाण्याआधी ती कोणाच्या तरी बॅगेत अडकते.

धागालेखक

वायर आणि बॅटरी यांविषयीचे म्हणणे रास्त आहे, म्हणूनच जुना शफल विकत घ्या असे मी म्हटलेले नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापुरते बोललो. मात्र २ जीबीला मी उणीव मानत नाही. वीस मैफलींतून या आठवड्यात कोणती ऐकायची, हे रविवारी बसून ठरवावे लागते आणि ठरवलेली मग पूर्ण ऐकली जाते. फोनवर हजारो ध्वनिमुद्रणे हाताशी असताना आलाप संपण्याच्या आत दुसरे काहीतरी लावण्याची सवय लागते. माझ्या मते ती श्रोत्याचे फार नुकसान करते.

प्रतिसाद १

निवड करायला लागावे म्हणून जागाच कमी असावी, हे मला मान्य नाही. मोठ्या कार्डावरही वीसच मैफली ठेवता येतात. वेगळे यंत्र हवेच असेल, तर सॅनडिस्कच्या क्लिप स्पोर्टसारखे घ्यावे: लहानशी स्क्रीन, ३२ जीबीपर्यंतचे मेमरी कार्ड, संगणकावरून फाइल थेट ओढून टाकण्याची सोय आणि शिवाय एफएम, म्हणजे विविध भारतीही आली. फक्त प्रत्येक फाइलमध्ये गायकाचे नाव आणि गाण्याचा क्रमांक नीट भरून ठेवावेत, नाहीतर अर्धा संग्रह ‘अज्ञात’ या एकाच नावाखाली जाऊन बसतो.