बिल्डिंगांच्या मधोमध उरलेलं मळ्यातलं घर: तुमच्या घराची गोष्ट लिहा

धागा सुरू करणारी, हडपसर

आमचं मळ्यातलं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. त्याबद्दल तक्रार नाही. भावंडं वाढली, जमीन काही वाढली नाही. पण घर पडायच्या आत त्याची हकिकत लिहून ठेवावी असं फार वाटतंय.

खडकवासल्याचं धरण १८७९ साली पुरं झालं आणि मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या भागातल्या रानांत खेळू लागलं. ऊस आला, आणि उसाच्या पैशावर दगडी जोत्याची घरं उभी राहिली. आमचं त्यातलंच. मागच्या अंगाला गुऱ्हाळ होतं. चुलवण बुजवून तिथे आता गाड्या लावतात. पण गुळाच्या ढेपा ठेवायची सागवानी फळी माजघरात अजून आहे, आणि पावसाळ्यात तिला आजही मुंग्या लागतात.

२००० सालच्या सुमारास शेजारच्या मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवलं. पुढे आमच्या बाजूचा ऊसही हळूहळू गेला.

तुमच्याकडे असं घर असेल तर लिहा. कुणी बांधलं, कुठल्या पिकावर बांधलं, पाणी कुठून यायचं?

वसईहून

ताई, आमच्याकडे आधी पाणी, मग घर. घरामागे बावखल, म्हणजे पावसाच्या पाण्याचं खणलेलं तळं आहे. पूर्वजांनी ते खणलं आणि निघालेली माती जोत्याला आणि वाडीला घातली, असं घरात सांगतात. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरतं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या बावखलांमुळेच. वाडी शिंपायला बैलाचा रहाट होता. पहाटे त्याची करकर थांबली की आजोबा अंथरुणातूनच हाक मारायचे, कारण बैल हटकून उभा राहिलेला असायचा.

वाडीत राजेळी केळी. पिकली की सोलून मांडवावर वाळवायची, की झाली सुकेळी. सुकेळीच्या दिवसांत ओट्यावर बसायला जागा नसे.

२००९ साली महानगरपालिका झाली, टॉवर तर त्याआधीपासूनच येत होते. शेजारच्या वाडीतलं बावखल भराव टाकून बुजवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. घर पाडा, नवं बांधा, पण कृपा करून बावखल बुजवू नका. घर परत बांधता येतं.

नवी मुंबईहून

आमचं उलटं झालं. घर गावठाणात राहिलं, शेत गेलं. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी लागल्या. भातशेती आणि मिठागर, दोन्ही संपलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं तेव्हा वडील तिथे होते. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली.

घरात भाताची कणगी अजून आहे. ती आतच विणली होती, दारातून बाहेर निघत नाही.

हडपसरहून आणखी एक

मी पलीकडच्या बिल्डिंगमधली. आम्ही राहायला आलो तेव्हा दूध शेजारच्या मळ्यातूनच यायचं आणि धारेच्या वेळेला मुलं कुंपणाशी उभी असायची. त्या घराला आम्ही सगळे 'गोठा' म्हणायचो. ते कुणाचं, किती जुनं, हे कधी विचारलंच नाही.

निवृत्त तलाठी

ताई, आधी कागद काढा. सातबाऱ्यावर घराचं वय सापडत नाही. जुने फेरफार मागा. जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते वारसनोंदींत कळतं. कुळाची जमीन असेल तर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरचे, म्हणजे कसणारं कूळ मालक ठरल्यानंतरचे, कूळकायद्याच्या कलम ३२ग चे निकालही तिथेच भेटतील. गाव नमुना बारा म्हणजे पीकपाहणी. कुठल्या वर्षी काय पेरलं आणि पाणी कालव्याचं की विहिरीचं, हे त्यात असतं. घरासाठी मात्र ग्रामपंचायतीचा नमुना आठ बघा, घरपट्टीची आकारणी त्यात असते. गाव पालिकेत गेलं असेल तर ते दप्तर तिकडे विचारा. बरेच जुने अभिलेख आता स्कॅन झालेत, तेव्हा आधी ऑनलाइन शोधा.

धागा सुरू करणारी

काका, पीकपाहणीचं मला सुचलंच नव्हतं. आमच्या घराची एक भिंत दगडी आणि ओसरीची भिंत विटांची आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. कालव्याला पाणी नव्हतं, ऊस वाळला, बांधकाम थांबलं आणि ओसरी पुढे विटांत पुरी केली, असं आजी सांगायची. १९६१-६२ ची पीकपाहणी मागायचा अर्ज सोमवारी देते. उसाच्या रकान्यात काय निघतं ते इथेच लिहीन.